पाळण्यातले नाव, दाखल्यातले नाव
घरी पाळणा हलला, की बाराव्या दिवशी आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करते. पण नाव कोणते ठेवायचे? भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर पूर्वी हा प्रश्न फारसा पडत नसे. खंडोबाच्या नवसाचा तो खंडू. आजोबा गेल्यावर जन्मलेल्या नातवाला आजोबांचेच नाव. मुले जगत नसत, त्या घरी दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम धोंडू, दगडू म्हणत. त्या ओबडधोबड नावामागे आईचे काळीज होते.

आता शिवांश, रुद्र, शौर्य, स्वराज ही नावे कानी पडतात. गोडच आहेत. पण आपल्या मातीतली नावेही आठवून पाहा. कारीचे कान्होजी जेधे, मोसे खोऱ्यातले बाजी पासलकर, भुतोंड्याचे येसाजी कंक. राजाराम महाराज तर १६७० साली राजगडावरच जन्मले.

नाव कोणतेही ठेवा, पण जन्माची नोंद २१ दिवसांत झाली का, ते पाहा. नाव ठरले नसले तरी नोंद होते. वर्षाच्या आत ते फी न भरता घालता येते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे आधी आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लागते.

घरी एक, शाळेत दुसरे, सातबाऱ्यावर तिसरे असे झाले, की वारसनोंदीच्या वेळी खेटे घालावे लागतात. म्हणून आत्याने सांगितलेले नावच दाखल्यावर येऊ द्या, आणि दाखला हाती पडताच अक्षर न् अक्षर वाचून घ्या.