काळ्या तलवारीचं घराणं

गॅरी गायगॅक्स यांच्या १९७९च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये उणे दोनची एक शापित तलवार आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणाऱ्यांपैकी अनेकांना ती कधी ना कधी चिकटलेली असते. तिच्यानं वार केला की फाशावर पडलेल्या आकड्यातून दोन वजा होतात आणि शाप उतरल्याखेरीज ती टाकून देता येत नाही. सापळा म्हणून ती ठीक आहे, पण गोष्ट म्हणून अगदीच कोरडी. खेळाडूला तिथं ठरवायला काही उरतच नाही.

खरी शापित तलवार वेगळी असते. ती काय करणार हे ठाऊक असूनही माणूस ती मागून घेतो.

आइसलँडच्या मध्ययुगीन हेर्वर सागामध्ये तिची जन्मकथा आहे. राजा स्वाफ्रलामी दोन खुज्यांना, द्वालिन आणि दुरिन यांना, पकडतो आणि जिवाची भीती घालून त्यांच्याकडून तिरफिंग नावाची तलवार घडवून घेतो. तलवार अप्रतिम उतरते. पण म्यानाबाहेर आली की ती एका माणसाचा बळी घेईल, तिच्या हातून तीन नीच कृत्यं घडतील आणि राजाही तिनंच मरेल, असा शाप खुजे देऊन जातात. पुढं ती आंगांत्यूर या योद्ध्याबरोबर त्याच्या थडग्यात पुरली जाते. त्याची मुलगी हेर्वर पुरुषवेशात, एकटी, त्या थडग्यापाशी जाते आणि मेलेल्या बापाकडे तलवार मागते. ही तुझ्या वंशाचा नाश करील, असं तो परोपरीनं बजावतो. ती ऐकत नाही. साऱ्या सागामध्ये याहून थरारक प्रसंग नाही, आणि शापाचं मर्मही त्याच हट्टात आहे. हेर्वरचा मुलगा हैद्रेक पुढं याच तलवारीनं सख्ख्या भावाला मारतो.

पोल अँडरसन यांनी १९५४च्या ‘द ब्रोकन स्वोर्ड’ या कादंबरीत याच परंपरेतली तलवार नायकाच्या हाती दिली. ती वाचून भारावलेल्या मायकेल मूरकॉक यांनी १९६१मध्ये एल्रिकची पहिली कथा लिहिली. एल्रिक हा अशक्त राजा. ‘स्टॉर्मब्रिंगर’ ही त्याची काळी तलवार शत्रूचा आत्मा पिते आणि त्याला बळ देते. पहिल्याच कथेत ती त्याच्या प्रेयसीचा जीव घेते. तरीही तो तिला सोडू शकत नाही, कारण तिच्यावाचून त्याच्या अंगात त्राणच नसतं.

तिथून ही तलवार खेळात आली ती नोकरीच्या अर्जाबरोबर. लॉरेन्स शिक या तरुणानं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढणाऱ्या टीएसआर कंपनीत काम मिळावं म्हणून आपल्या जुन्या तळघरांतले उत्तम तुकडे जोडून एक साहस लिहून पाठवलं. गायगॅक्स यांनी शिकला नोकरी दिली आणि ते साहस १९७९मध्ये ‘व्हाइट प्लूम माउंटन’ नावानं जसंच्या तसं छापलं. त्यात केराप्टिस या जादूगारानं पळवलेली तीन शस्त्रं आहेत: त्रिशूळ ‘वेव्ह’, हातोडा ‘व्हेल्म’ आणि काळी तलवार ‘ब्लॅकरेझर’. छापलं जाईल असं वाटलं असतं तर स्टॉर्मब्रिंगरची ही उघड नक्कल घातलीच नसती, असं शिकनं पुढं मोकळेपणानं सांगितलं.

त्याला संकोच वाटला तरी नकलेत एक अस्सल भर आहे. ब्लॅकरेझर ठार केलेल्याचा आत्मा गिळून धारकाला बळ देते. पण समोर मृतयोनीतला शत्रू असला की प्रवाह उलटतो आणि धारकाचीच शक्ती त्याच्याकडे जाऊ लागते. एवढ्या एका कलमानं टेबलाभोवतीचे सगळे हिशेब बदलतात. तलवार उपसायची की नाही, हा निर्णय खेळाडूला प्रत्येक लढाईत नव्यानं घ्यावा लागतो.

एल्रिकला मात्र या खेळाच्या पुस्तकात फार काळ थारा मिळाला नाही. १९८०च्या ‘डीटीज अँड डेमिगॉड्स’मध्ये त्याच्या जगावर स्वतंत्र प्रकरण होतं, पण त्या जगावर खेळ काढण्याचे हक्क केऑसियम या कंपनीकडे होते. आधी तिचे आभार छापून वेळ निभावली, नंतर एल्रिकचं आणि केऑसियमकडेच हक्क असलेलं क्थुलूचं अशी दोन्ही प्रकरणं गाळली गेली. १४४ पानांचं पुस्तक १२८ पानांवर आलं. केऑसियमनं १९८१मध्ये ‘स्टॉर्मब्रिंगर’ नावाचाच खेळ बाजारात आणला.

ब्लॅकरेझर मात्र टिकली. २०१७च्या ‘टेल्स फ्रॉम द यॉनिंग पोर्टल’मध्ये ‘व्हाइट प्लूम माउंटन’ पुन्हा छापलं गेलं, त्यात तिच्या भुकेला मुदतही आहे: तीन दिवस आत्मा मिळाला नाही, तर पुढच्या सूर्यास्ताला ती धारकाच्याच मनाचा ताबा घेऊ पाहते.