आजी विसरतेय, की गोळी विसरायला लावतेय?

विरार लोकलमध्ये लटकत ऐकत असाल तर आवाज जरा वाढवा. आज माझ्या आजीबद्दल बोलायचंय.

आजी आगाशीला राहते. तिशीपासून तिला अपस्मार, म्हणजे आपल्या बोलीत फिट. चाळीस वर्षं रोज फेनिटॉइनची गोळी. फिट थांबल्या, तशी डॉक्टरांकडची फेरीही थांबली. मेडिकलमधून तीच स्ट्रिप येत राहिली. दोन वर्षांपूर्वी ती गॅसवर दूध विसरायला लागली. दुपारभर पेंगायची, चालताना झोकांड्या जायच्या. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "वय झालं गं आता." आम्हीही मान डोलावली. खरं सांगू? ते सोयीचं होतं.

न्यूरोलॉजिस्टनी मात्र आधी गोळ्या मागितल्या. रक्तातली फेनिटॉइनची पातळी साधारण 10 ते 20 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असावी लागते. आजीची बरीच वर निघाली. डोस तर तोच होता! मग? हे औषध रक्तात बहुतांशी अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला चिकटून फिरतं आणि मेंदूवर काम करतो तो फक्त मोकळा हिस्सा. म्हातारपणी अल्ब्युमिन घटू शकतं, यकृतही औषध हळू मोडतं. त्यात यकृताची क्षमता एकदा भरली की पातळी जिन्यासारखी चढत नाही, लिफ्टसारखी चढते.

डोस हळूहळू कमी केला. काही आठवड्यांत झोकांड्या गेल्या, पेंगणं गेलं. पण नातवंडांची नावं अजून निसटतात. पुढच्या तपासण्यांत अल्झायमरची सुरुवातही दिसली. म्हणजे गोळी दोषी होती, पण एकटी नाही.

इथेच लोकांची गल्लत होते. अपस्मार आणि डिमेन्शिया यांचं नातं दुतर्फी आहे. अल्झायमरमध्ये बिघडलेल्या पेशी फिट आणू शकतात. आणि अपस्मार असलेल्यांमध्ये पुढे डिमेन्शियाचं प्रमाण जास्त आढळतं. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम अभ्यासात दोन्ही दिशांना धोका साधारण दुप्पट दिसला. पक्षाघातासारखं एकच कारण दोन्हींच्या मुळाशी असू शकतं.

औषधांचं वेगळं. फेनोबार्बिटोन 1912 पासून वापरात आहे, त्याने सुस्ती येते. टोपिरामेटने ओठांवरचा शब्द सापडत नाही. व्हॅल्प्रोएटने क्वचित हात थरथरतात, विसराळूपणा येतो, अगदी डिमेन्शियासारखं चित्र दिसतं. आणि औषध बदललं की बरेचदा तेही ओसरतं.

हे ऐकून काका म्हणाले, "मग बंदच करू गोळ्या!" डॉक्टर चक्क ओरडले. गोळी एकदम थांबवली तर न थांबणारी फिट येऊ शकते. पाच मिनिटांवर गेली तर थेट हॉस्पिटल, जिवाशी खेळ तो.

आणि प्रत्येक फिटमध्ये माणूस पडतोच असं नाही. आजोबा दोन मिनिटं शून्यात बघतात, ओठ चघळल्यासारखे हलवतात, पदराशी किंवा शर्टाच्या बटणाशी चाळा करतात आणि नंतर त्यांना काहीच आठवत नाही? घरचे म्हणतात, 'तंद्री लागली.' ती फिट असू शकते. हातात फोन आहे ना, व्हिडिओ काढा, डॉक्टरांना दाखवा. सोबत घरातल्या सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत, टीबीच्या नि बुरशीच्या गोळ्यासुद्धा; त्यातल्या काही फेनिटॉइनची पातळी वाढवतात.

मीही आजीच्या चालण्याचा व्हिडिओ काढायला गेले. ती म्हणाली, "थांब गं, आधी केस विंचरू दे."