तत्त्व, व्यवहार आणि राज्यकारभार

निवडणूक संपून नवा नेता अधिकारावर आला, की घरोघरी एक प्रश्न विचारला जातो : हा गृहस्थ आता पक्षाच्या पोथीप्रमाणे चालणार, की परिस्थिती पाहून कारभार करणार? पोथी सुटेल ही समर्थकांची धास्ती, तर ती सुटणार नाही ही विरोधकांची. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याच ग्वाल्हेरात वाढलेल्या एका पुरुषाविषयी १९९८ साली साऱ्या देशाने हाच प्रश्न विचारला होता, आणि त्याचे उत्तर आता इतिहासात जमा आहे.

अटलबिहारी वाजपेयी यांचा जन्म २५ डिसेंबर १९२४ रोजी ग्वाल्हेरात झाला. वडील कृष्णबिहारी हे शिक्षक आणि कवी. गोरखीतील शाळा व पुढे व्हिक्टोरिया कॉलेज येथे अटलजींचे शिक्षण झाले, आणि नारायणराव तर्टे यांच्यासारख्या मराठी प्रचारकाच्या सहवासात त्यांच्यावर संघाचे संस्कार झाले. १९७१ साली ग्वाल्हेरने त्यांना लोकसभेत पाठविले, आणि १९८४ साली याच ग्वाल्हेरने माधवराव शिंद्यांना कौल देऊन त्यांचा पराभवही केला. म्हणजे विचारसरणीचे बाळकडू आणि मतदारांच्या लहरीचा अनुभव, ही दोन्ही शिदोरी त्यांना या गावाने दिली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

१९९६ साली त्यांच्या पक्षाला १६१ जागा मिळाल्या. परंतु पुरेसे मित्र मिळाले नाहीत आणि सरकार तेरा दिवसांत गेले. मार्च १९९८ मध्ये १८२ जागा आणि अनेक मित्रपक्ष यांच्या बळावर ते पुन्हा पंतप्रधान झाले. त्या वेळी सहकारी पक्षांच्या संमतीने जो राष्ट्रीय कार्यक्रम प्रसिद्ध झाला, त्यात अयोध्येचे मंदिर, ३७० वे कलम आणि समान नागरी कायदा हे पक्षाचे तीन जिव्हाळ्याचे विषय नव्हते. समाजवादी परंपरेतले जॉर्ज फर्नांडिस संरक्षणमंत्री झाले. ‘पोथी बाजूला ठेवली’ असा निर्वाळा अनेकांनी तेव्हाच देऊन टाकला.

परंतु हा निर्वाळा घाईचा होता. बहुमत नसताना एखादी गोष्ट न करणे हा स्वभावाचा पुरावा होत नाही. तो आकड्यांचा हिशेब असतो. पुढे त्याच पक्षाला २०१९ साली स्वबळावर ३०३ जागा मिळाल्या आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काश्मीरचा विशेष दर्जा संपुष्टात आला. जानेवारी २०२४ मध्ये अयोध्येच्या मंदिरात प्राणप्रतिष्ठाही झाली. म्हणून नेत्याची पारख करायची ती, जेथे आकड्यांची सक्ती नव्हती आणि निर्णय त्याचा स्वतःचा होता, अशा ठिकाणी.

असे प्रसंग अटलजींच्या कारकिर्दीत पुष्कळ आहेत. मे १९९८ मध्ये पोखरण येथे अणुचाचण्या झाल्या. ही तर पक्षाची जुनी मागणी; पण चाचण्या होताच पुढील चाचण्या स्वेच्छेने थांबविण्याची आणि अण्वस्त्र प्रथम न वापरण्याची भूमिकाही त्यांनी घेतली. पाकिस्तानविषयी कठोर बोलण्यात ज्या पक्षाची हयात गेली, त्याच पक्षाचा पंतप्रधान फेब्रुवारी १९९९ मध्ये बसने लाहोरला गेला आणि मीनार-ए-पाकिस्तानलाही जाऊन आला. हे करण्यास कोणत्याही मित्रपक्षाने त्यांना भाग पाडले नव्हते. त्यानंतर काही महिन्यांतच कारगिल घडले. तरीही युद्ध जिंकताना सैन्याने नियंत्रणरेषा ओलांडू नये, हा निर्बंध त्यांनी पाळला.

स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्या परिवारातून ते आले होते. तथापि १९९९ च्या कायद्याने विमा व्यवसायात २६ टक्क्यांपर्यंत परदेशी भांडवलास वाट मोकळी झाली. यावर भारतीय मजदूर संघाचे संस्थापक दत्तोपंत ठेंगडी यांच्यासारख्या ज्येष्ठ मराठी विचारवंताने उघड टीका केली. ज्या महामार्ग योजनेची उत्तर-दक्षिण वाट आपल्या ग्वाल्हेरवरून झाशीकडे जाते, ती याच कारकिर्दीतली. रस्त्याला डावे-उजवे विचार नसतात. तो गावापर्यंत पोहोचला की नाही, एवढेच प्रवासी पाहतो.

मात्र व्यवहार म्हणजे केवळ सद्गुणच, असे समजू नये. डिसेंबर १९९९ मध्ये कंदाहारला नेलेल्या विमानातील प्रवाशांच्या सुटकेसाठी तीन दहशतवादी सोडावे लागले. प्रवासी घरी परतले, ही गोष्ट लहान नव्हे. पण सोडलेल्यांपैकी मसूद अझहरने पुढे जैश-ए-मोहम्मद ही संघटना उभारली आणि त्याची किंमत देशाने दीर्घकाळ मोजली. एप्रिल २००२ मध्ये, गुजरातेतील दंगलींनंतर, अहमदाबादेत त्यांनी राजधर्माचा उच्चार केला. परंतु त्याच महिन्यात गोव्यात पक्षाने मुख्यमंत्र्यांचा राजीनामा नाकारला तेव्हा ते पक्षाबरोबरच राहिले. हा व्यवहार होता, यात शंका नाही. पण जेथे तत्त्व टिकवायचे तेथे व्यवहार आणि जेथे व्यवहार पाहायचा तेथे तत्त्व, अशी अदलाबदल झाली की इतिहास ती नोंदवून ठेवतो. त्यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करणाऱ्याला हे पान उलटून पुढे जाता येणार नाही.

आपल्या ग्वाल्हेरच्या परंपरेत या दृष्टीने महादजी शिंद्यांचे स्मरण होते. त्यांनी दिल्लीची गादी मोडली नाही. १७८४ साली वकील-इ-मुतलक हे पद घेऊन तिच्याच नावाने कारभार हाती घेतला. बीडच्या मन्सूरशहांवर त्यांची श्रद्धा होती. म्हणून ते मराठी राज्याला विसरले, असे कोणी म्हणणार नाही. साधन बदलले, साध्य बदलले नाही.

तेव्हा नव्या नेत्याला ‘तू तत्त्वनिष्ठ की व्यवहारी?’ असे विचारणे अपुरे आहे. विचारायचे ते तीन प्रश्न. जे बाजूला ठेवले ते उघडपणे, लिहून ठेवून बाजूला ठेवले, की गुपचूप? तडजोडीची किंमत कोणी मोजली : नेत्याने, की ज्यांचा आवाज दुबळा आहे त्यांनी? आणि कोणत्याही आकड्यापुढे न सोडायचे असे काही त्याच्यापाशी शिल्लक आहे काय? १९९८ च्या पंतप्रधानांना पहिल्या प्रश्नात पूर्ण गुण द्यावे लागतील, कारण त्यांचा करार सर्वांसमोर छापलेला होता. उरलेल्या दोहोंविषयी मतभेद राहतील, आणि ते राहावेत.

मतदारानेही एक पथ्य पाळले पाहिजे. आपल्या पसंतीच्या नेत्याने शब्द फिरवला तर तो मुत्सद्दी, आणि नावडत्याने फिरवला तर तो संधिसाधू, असा दुहेरी मापाचा व्यापार आपण थांबविला, तरच हे तीन प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला राहील.