घराचे काम आणि परदेशातला मुक्काम: सोबत कुत्रा न्यायचा असेल तर

घराचे काम काढले की दोन-तीन महिने घर राहण्यासारखे उरत नाही. मुलगा किंवा मुलगी परदेशात असेल तर “तोवर आमच्याकडेच या” असा आग्रह होतो. कंत्राटदार ठरतो, व्हिसा येतो, तिकिटे निघतात. घरातल्या कुत्र्याचे काय, हा प्रश्न बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी येतो. तेव्हा कळते की त्याला न्यायचे तर तयारीलाच चार महिने लागतात.

या चार महिन्यांमागे रेबीज हा आजार आहे. तो समजला की नियमांचा त्रास वाटत नाही आणि नियोजनही सोपे होते. पुण्या-मुंबईहून जर्मनीला जाणाऱ्या कुटुंबाचे उदाहरण घेऊ. युरोपीय संघातल्या इतर देशांनाही मूळ नियम हेच लागू होतात.

काम चालू असलेल्या घरात कुत्रा का ठेवू नये?

जुना रंग खरवडताना उडणाऱ्या धुळीत शिसे असू शकते. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या भिंतींवर, खिडक्यांवर आणि ग्रिलवर शिसेयुक्त रंग असण्याची शक्यता धरूनच चालावे. कुत्रा जमिनीलगत श्वास घेतो, धुळीत लोळतो आणि मग पंजे चाटतो, त्यामुळे ही धूळ थेट त्याच्या पोटात जाते. उलट्या, भूक मंदावणे, बेचैनी, झटके ही शिशाच्या विषबाधेची लक्षणे असू शकतात. अशा घरात रांगणारे मूल असेल तर त्याचीही रक्ततपासणी करून घ्यावी, कारण धूळ दोघांच्या तोंडात सारख्याच वाटेने जाते.

फरशी कापतानाची धूळ आणि थिनर-पॉलिशचा वास दमेकऱ्यांना आणि गरोदर स्त्रियांनाही घातक आहे. म्हणजे काम चालू असताना माणसांनी आणि कुत्र्याने बाहेर राहणे योग्यच. फक्त कुत्र्याने कुठे राहायचे, हे वेळेत ठरवायला हवे.

चार महिने कसे मोजायचे?

क्रम बदलला तर सगळे पुन्हा करावे लागते, म्हणून हा क्रम नीट पाहा.

१. आधी मायक्रोचिप. ती आयएसओ मानकाची असावी. चिप बसवण्यापूर्वी दिलेली रेबीजची लस धरली जात नाही. त्याच दिवशी आधी चिप आणि मग लस दिली तरी चालते.
२. मग रेबीजची लस. पिल्लू किमान १२ आठवड्यांचे हवे.
३. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना. तो युरोपीय संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेतच तपासलेला चालतो. प्रतिपिंडांचे प्रमाण दर मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त हवे.
४. रक्त घेतल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबणे. अहवाल आल्याच्या तारखेपासून नव्हे.
५. निघताना ॲनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसेस या सरकारी कार्यालयाचे आरोग्य प्रमाणपत्र. दिल्यापासून दहा दिवसांच्या आत युरोपात पोहोचायला हवे.

चिप असलेल्या आणि दरवर्षी वेळेवर लस घेतलेल्या कुत्र्याचा पहिला महिना वाचतो. आयुष्यात एकच लस मिळालेल्या कुत्र्यात प्रतिपिंडे कमी भरण्याची शक्यता जास्त असते. तसे झाले तर पुन्हा लस, पुन्हा रक्त आणि पुन्हा तीन महिने. म्हणून हाताशी पाच-सहा महिने ठेवलेले बरे.

रक्ताचा अहवाल चांगला आला, मग थांबायचे कशाला?

हा प्रश्न अनेकांना पडतो. पिसाळलेला प्राणी चावल्यावर रेबीजचा विषाणू जखमेपासून नसांमधून हळूहळू मेंदूकडे सरकतो. या काळात कुत्रा खातो-पितो, खेळतो. त्याला काही झाले आहे असे कुणालाही वाटत नाही. हा काळ काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत असू शकतो. रक्ततपासणीतून एवढेच कळते की लसीने काम केले आहे. लस देण्याआधीच विषाणू शिरला होता का, हे त्यातून कळत नाही. तसा तो शिरला असेल तर या तीन महिन्यांत आजार बहुधा उघड होतो.

जर्मनी २००८ पासून जमिनीवरच्या प्राण्यांमधल्या रेबीजपासून मुक्त आहे. लक्षणे सुरू झाल्यावर हा आजार माणसालाही जवळजवळ नेहमीच मारतो. तीन महिन्यांची अट तिथल्या लोकांसाठी आहेच, पण त्या घरातल्या तुमच्या नातवंडांसाठीही आहे.

“चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा” हा नियम वेगळा

कुत्र्याच्या लाळेत विषाणू येतो तो लक्षणे दिसण्याच्या काही दिवस आधी. त्यानंतर कुत्रा लवकरच मरतो. चावलेला कुत्रा दहा दिवसांनंतरही ठणठणीत असेल, तर चावण्याच्या दिवशी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असा अर्थ होतो. पुढच्या काही महिन्यांत त्याला आजार होणार नाही, याची खात्री यातून मिळत नाही. आणि दहा दिवस वाट पाहत उपचार लांबवायचे नाहीत. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. परदेशात तुमचा कुत्रा कुणाला चावला तर डॉक्टर सर्वांत आधी त्याच्या लसीचे कागद मागतील. ते मुक्कामाच्या घरातच ठेवा.

निघण्यापूर्वी पशुवैद्यांना विचारा

• गोचिडांमुळे होणारा एर्लिकिया हा आजार आपल्याकडे बऱ्याच कुत्र्यांत लपून असतो. त्याची तपासणी करावी का?
• पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना विमानात श्वासाचा त्रास होऊ शकतो, आणि अनेक विमान कंपन्या त्यांना नेत नाहीत. आपला कुत्रा हा प्रवास झेपवू शकेल का?
• हृदयविकार किंवा फिट्सची औषधे तिथे कोणत्या नावाने मिळतात?

झोपेचे औषध स्वतःहून देऊ नका. विमानात त्याने रक्तदाब आणि श्वास मंदावू शकतो. पिट बुल, बुल टेरियर अशा काही जाती जर्मनीत आणायला बंदी आहे, तेही आधी पाहा.

देश बदलला की हिशेब बदलतो

ब्रिटनचे वेळापत्रक युरोपसारखेच आहे. शिवाय पोहोचण्यापूर्वी २४ ते १२० तासांच्या दरम्यान पट्टकृमीचे औषध द्यावे लागते. अमेरिका भारताला रेबीजचा जास्त धोका असलेल्या देशांत धरते आणि ऑगस्ट २०२४ पासून सहा महिन्यांपेक्षा लहान कुत्र्याला प्रवेश देत नाही. जपानमध्ये रक्त घेतल्यापासून १८० दिवस थांबावे लागते. ऑस्ट्रेलियात भारतातून थेट कुत्रा नेता येत नाही.

वेळ उरला नसेल तर?

मग दोनच मार्ग आहेत: घराचे काम पुढे ढकला किंवा कुत्र्याला इथेच ओळखीच्या माणसाकडे ठेवा. कुत्रा म्हातारा किंवा आजारी असेल आणि मुक्काम दोन-तीन महिन्यांचाच असेल, तर इथे ठेवणे हेच बहुधा त्याच्या हिताचे असते. जुन्या तारखेची लस दाखवणे किंवा “सगळे जमवून देतो” म्हणणाऱ्या एजंटावर विसंबणे मात्र टाळा. कागद चुकीचे निघाले तर कुत्र्याला परत पाठवले जाते किंवा विलगीकरणात ठेवले जाते, आणि त्याचा खर्च तुमच्यावर येतो.

परत येताना

भारतात कुत्रा मुंबई, दिल्लीसारख्या ठरावीक विमानतळांवरूनच आणता येतो आणि त्यासाठी ॲनिमल क्वारंटाइनचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. त्याच्या अटी भारत सोडण्यापूर्वीच विचारून घ्या आणि जाताना मिळालेले सगळे कागद जपून ठेवा. मुक्कामात लसीची मुदत संपत असेल तर पुढचा डोस मुदतीच्या आत द्या. एक दिवस जरी उशीर झाला तरी युरोपच्या नियमांत तो पहिला डोस धरला जातो आणि पुढच्या खेपेला रक्ततपासणीपासून सुरुवात करावी लागते.

घरात पाऊल ठेवण्याआधी फरशी आणि खिडक्या ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसून घ्या. कोरडा झाडू मारल्यास बसलेली धूळ पुन्हा उडते. आणि पुढच्या वेळी घराचे काम काढायचे ठरले की कंत्राटदाराला तारीख देण्याआधी कुत्र्याचे लसीचे पुस्तक उघडून पाहा.