कोकणात काचेची पडवी बांधताय?

थंड देशांत ऊन कोंडून ठेवायला काचेची खोली बांधतात. आपल्याकडे मे महिन्यात तिचीच भट्टी होते. म्हणून छपराला काच नकोच. कौलंच राहू द्या, बाजूंना सरकत्या खिडक्या पुरेत. पश्चिमेला सलग काच तर नकोच नको: दुपारचं ऊन तिकडून, आणि नैर्ऋत्येचा झोडपणारा पाऊसही तिकडूनच.

खरी परीक्षा खाऱ्या वाऱ्याची. लोक फ्रेमवर भरपूर खर्च करतात आणि स्क्रू घेतात स्वस्तातले! समुद्राजवळ ३०४ स्टेनलेसवरही तांबूस डाग येतात. ३१६ मागा; त्यातलं मॉलिब्डेनम मिठाला जास्त दाद देत नाही. ॲल्युमिनियम पावडर कोटिंगचं घ्या आणि स्टीलला थेट टेकू देऊ नका, मध्ये नायलॉनचा वॉशर घाला. नाहीतर खारट ओलाव्यात ॲल्युमिनियम कुरतडलं जातं. खालच्या पट्टीतली पाणी निघायची भोकं पावसाआधी मोकळी करा.

गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना शिंपल्यांच्या पातळ चकत्या असत. उजेड मऊ, डोळ्यांवर तिरीप नाही. मला तरी त्या काचेपेक्षा सरस वाटतात.

घर किनाऱ्यालगत असेल तर आधी ग्रामपंचायतीत सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांचं, विचारून घ्या.