घरांतील छायाचित्रें कशीं जपावीं

गेल्या वर्षीं नौपाड्यांतील आमची जुनी दुमजली इमारत पुनर्विकासासाठीं रिकामी करावयाचें ठरलें, तेव्हां घरांतील सारें सामान एकदां बाहेर काढावें लागलें. माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक निघाली. तींत आईवडिलांच्या लग्नाचीं, आम्हां भावांच्या मुंजींचीं आणि घंटाळीच्या देवळाशीं काढलेलीं अशीं सत्तर-ऐंशी कृष्णधवल छायाचित्रें होतीं. चाळीस वर्षें त्या ट्रंकेकडे कोणी ढुंकूनहि पाहिलें नव्हतें. कांहींच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या, दोन-तीन एकमेकांस चिकटलीं होतीं. परंतु चेहरे सारे ओळखूं येत होते.

त्याच दिवशीं टेबलाच्या खणांत एक हार्ड डिस्क सांपडली. तींत दहा-बारा वर्षांपूर्वींचीं सुमारें नऊ हजार छायाचित्रें होतीं: मुलीचें बालपण, वडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा समारंभ, आणि त्यांच्या अखेरच्या वर्षांतील कित्येक साधे घरगुती प्रसंग. ती संगणकास जोडतांच आंतून टक् टक् असा आवाज येऊं लागला व पडद्यावर कांहींच उमटलें नाहीं. जाणत्या माणसास दाखविली. परंतु तींतून कांहींहि परत मिळालें नाहीं.

या दोन वस्तूंत जो फरक आहे तोच आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे. कागदावरचें चित्र हळूहळू जीर्ण होतें आणि तशी सूचनाहि आपणांस देत असतें. डिजिटल चित्र बहुधा आज पूर्ण असतें आणि उद्यां मुळींच नसतें. कागद दुर्लक्ष सहन करतो; डिस्क तें सहन करीत नाहीं. परंतु डिजिटल चित्राच्या अंगीं एक मोठा गुण आहे. फोटोवरून फोटो काढला कीं दुसरा थोडा फिका येतो. फाईलची प्रत मात्र मुळाहून तिळमात्र उणी नसते. म्हणून येथें जपावयाच्या त्या प्रती. ज्याची प्रत एकच, तो ठेवा हातीं असूनहि गेल्यांत जमा समजावा.

आमच्या नऊ हजार चित्रांपैकीं थोडीं परत आलीं, तीं आप्तांकडून. डोंबिवलीच्या माझ्या मेहुण्यांनीं समारंभाचीं चित्रें त्या वेळीं पेन ड्राईव्हवर उतरवून घेतलीं होतीं. इतरांनीं व्हॉट्सॲपवर आलेलीं शोधून पाठविलीं. पण तीं वाटेंतच आकसलेलीं, बारकावे गमावलेलीं, आणि कोणत्या दिवशीं काढलीं ही नोंद पुसलेलीं अशीं होतीं. तीं गोळा करतांना मला लीळाचरित्राची आठवण झाली. ठाण्याचें मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालीं स्थापणारे विनायक लक्ष्मण भावे यांच्या ‘महाराष्ट्र सारस्वत’मुळें महानुभाव वाङ्मयाचा परिचय अनेक वाचकांस झाला. त्या पंथाचा हा आद्य ग्रंथ म्हाइंभटांनीं तेराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केला. पुढें परचक्राच्या धामधुमींत मूळ पोथी नाहींशी झाली आणि शिष्यांनीं आठवणीवरून तो पुन्हां जुळविला. ग्रंथ वांचला, पण निरनिराळ्या पाठांनीं. मुळाचा शब्द नेमका कोणता, याचा शोध अभ्यासकांस आजहि घ्यावा लागतो. आप्तांच्या फोनमधून जुळविलेला संग्रह असाच असतो. मिळाला तर भाग्य. परंतु त्यावर विसंबून राहूं नये.

आतां एका जागेच्या धोक्याविषयीं. जानेवारी २००३ मध्यें पुण्यास, जुन्या प्रभात कंपनीच्या आवारांत असलेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या कोठारास आग लागली व नायट्रेट फिल्मच्या असंख्य पेट्या भस्मसात् झाल्या. नायट्रेट ही मुळांतच ज्वालाग्राही वस्तु. आणि पेट्या एकमेकींस लागून. ज्या चित्रपटांच्या प्रती आधींच दुसऱ्या, सुरक्षित फिल्मवर उतरविलेल्या होत्या, ते आजहि पाहावयास मिळतात. ज्यांच्या नव्हत्या, त्यांचें नांव तेवढें उरलें. आपल्या घरीं नायट्रेट नसतें, पण पाणी असतें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. उल्हास नदीचें पाणी कल्याण-बदलापुरांतील घरांत शिरलें. तळमजल्यावरच्या कपाटांत एका खणांत मूळ आणि दुसऱ्या खणांत प्रत ठेवणाऱ्यास अशा वेळीं दोहोंचा उपयोग सारखाच.

यासाठीं एक सुटसुटीत नियम आहे. अमेरिकेंतील छायाचित्रकार पीटर क्रोग यांनीं तो लोकप्रिय केला. त्याला तीन-दोन-एक असें म्हणतात. प्रत्येक चित्राच्या तीन प्रती असाव्या. त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या. आणि त्यांतील एक तरी घराबाहेर असावी. याचा हिशेब घालूं. फोनमधील एक चित्र सरासरी चार मेगाबाईट धरलें, तर चाळीस हजार चित्रांस १६० गिगाबाईट जागा लागते. चलच्चित्रें मिळवून ती दुप्पट-तिप्पट झाली, तरी एक टेराबाईटची डिस्क, म्हणजे हजार गिगाबाईट, सामान्य कुटुंबास पुरून उरते. एक प्रत संगणकांत, दुसरी बाहेरच्या डिस्कवर. आणि तिसरी दूरच्या संगणकांवर, ज्यास क्लाउड म्हणतात, किंवा नाशिक-पुण्याच्या भावाबहिणीकडे. त्यांचीहि एक डिस्क आपण सांभाळावी, म्हणजे उपकाराचा प्रश्न उरत नाहीं. डिस्क परगांवीं पाठवितांना तीस संकेतशब्दाचें कुलूप घालावें.

बाहेरची डिस्क नेहमीं संगणकास जोडून ठेवूं नये. विजेचा झटका किंवा संगणकांत शिरलेला विषाणु जोडलेल्या साऱ्याच वस्तूंस बाधतो. मे २०१७ मध्यें वॉनाक्राय नांवाच्या विषाणूनें जगभर संगणकांतील फायली कुलूपबंद केल्या व खंडणी मागितली. ज्यांच्या प्रती सुट्या ठेवलेल्या होत्या त्यांस ती देण्याचें कारण पडलें नाहीं. आपल्याकडील दमट हवा ध्यानीं घेऊन डिस्क हवाबंद डब्यांत, ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुडीसह ठेवावी. पेन ड्राईव्ह ने-आण करण्यास चांगला. परंतु वर्षानुवर्षें विजेवांचून पडून राहिल्यास त्यांतील नोंद विरूं शकते. घरीं लिहिलेल्या सीडी-डीव्हीडींचा रंगद्रव्याचा थरहि उष्णतेनें व ओलीनें बिघडतो. त्या अजून वाचतां येत असतील तोंवरच उतरवून घ्याव्या.

क्लाउडविषयीं दोन गैरसमज आढळतात. पहिला असा कीं, फोनमधील चित्रें आपोआप वर जातात, तेव्हां काळजी मिटली. वस्तुतः पुष्कळ ठिकाणीं ही व्यवस्था आरशासारखी असते. फोनमधून चित्र पुसलें कीं आरशांतूनहि जातें. गूगल फोटोजमध्यें वर चढविलेलें चित्र पुसल्यावर साठ दिवस कचरापेटींत राहतें, पुढें कायमचें जातें. दुसरा गैरसमज असा कीं, ही जागा फुकट व अखंड आहे. १ जून २०२१ पासून गूगलची अमर्याद फुकट सोय बंद झाली. पत्रें, कागदपत्रें व चित्रें मिळून १५ गिगाबाईट मिळतात. आपल्या हिशेबानें तींत चार हजार चित्रेंहि मावणार नाहींत. शिवाय दोन वर्षें न वापरलेलें खातें काढून टाकण्याचा अधिकार ती कंपनी आपल्याकडे ठेवते. म्हणून क्लाउड ही तीन प्रतींपैकीं एक समजावी, तिन्ही समजूं नयेत.

प्रत केली म्हणजे काम संपलें असेंहि नाहीं. १९९८ सालीं अमेरिकेंतील पिक्सार कंपनींत ‘टॉय स्टोरी २’ या बोलपटाचें काम चालू असतां एका चुकीच्या आज्ञेनें त्याच्या बहुतेक फायली पुसल्या गेल्या. राखीव प्रत काढूं गेले, तों ती कित्येक दिवस नीट होतच नव्हती असें आढळलें. तोंवर कोणी ती उघडून पाहिली नव्हती. गॅलिन सुसमन या तंत्रप्रमुख बाई नुकत्याच बाळंत झाल्यामुळें घरून काम करीत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती, तिनें तो प्रसंग निभावला. एवढ्या मोठ्या कंपनीस जें दैवानें तारलें, तें आपणांस तारीलच असें नाहीं. उघडून न पाहिलेली प्रत म्हणजे न मोजलेलें धन.

यासाठीं दिवस नेमावे. दिवाळीची साफसफाई व गुढीपाडवा हे दोन पुरेत. त्या दिवशीं डब्यांतील डिस्क काढून जोडावी, निरनिराळ्या वर्षांचीं वीस-पंचवीस चित्रें व दोन-तीन चलच्चित्रें उघडून पाहावीं, नवीं चित्रें तींत उतरवावीं, आणि डिस्क पांच वर्षांची झाली असल्यास नवी घेऊन जुनीचा मजकूर तींत भरावा. जुनी टाकूं नये. ती चौथी प्रत म्हणून राहूं द्यावी. प्रत पुरी होऊन पडताळा झाल्यावांचून फोनमधील चित्रें पुसूं नयेत.

आतां मांडणी. प्रथम सर्व फोन, जुन्या कॅमेऱ्यांचीं कार्डें, पेन ड्राईव्ह व सीड्या एकत्र करून एकाच ठिकाणीं सारें उतरवावें. आप्तांकडून चित्रें मागवितांना व्हॉट्सॲपवर तीं ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविण्यास सांगावें, म्हणजे आकसत नाहींत. मग सुप्रभाताचे संदेश, हललेलीं चित्रें व जुळीं चित्रें काढावीं. फोल्डरच्या नांवांत आधीं वर्ष, मग महिना, मग प्रसंग लिहावा: ‘२०१४-०५ मुंज’ असें. संगणक तीं आपोआप क्रमानें लावतो, आणि कोणतेंहि ॲप उद्यां बंद पडलें तरी ही मांडणी आपल्याजवळ राहते. ट्रंकेतल्यासारखीं जुनीं चित्रें स्कॅन करतांना इंचास ६०० ठिपके धरावे, आणि मूळ चित्र फेंकूं नये.

यांतहि सर्वांत निकडीचें काम यंत्राचें नव्हे. आमच्या ट्रंकेंतील एका चित्रांत वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून एक तरुण हंसत उभा आहे. तो कोण हें आतां घरांत कोणासहि सांगतां येत नाहीं. चित्र उत्तम राहिलें, माणूस हरवला. म्हणून घरांतील वडीलधारीं मंडळी आहेत तोंवर त्यांच्याजवळ बसावें, नांवें विचारावीं, तीं कागदी चित्रामागें मऊ पेन्सिलीनें आणि डिजिटल चित्राच्या नांवांत लिहावीं. हें काम कोणत्याहि पाडव्यापर्यंत लांबणीवर टाकूं नये.

शेवटची गोष्ट वारसाची. बहुतेक घरांत हा सारा कारभार एकाच्याच डोक्यांत असतो. डिस्क कोठें आहे, खातें कोणतें, संकेतशब्द काय, हें एका वहींत लिहून ती दागिन्यांप्रमाणें ठेवावी आणि दुसऱ्या एकास दाखवून ठेवावी. गूगलमध्यें अशीहि सोय आहे कीं, खातें ठराविक महिने वापरलें गेलें नाहीं तर आपण नेमलेल्या व्यक्तीस त्यांतील साठा उतरवून घेतां येतो. ती आजच लावून ठेवावी.

आम्हीं नव्या घरीं जातांना ट्रंक सोडली नाहीं. तींत आतां दरवर्षींचीं निवडक पन्नास चित्रें कागदावर छापून, मागें नांवें लिहून ठेवतों. डिस्क तीन आहेत. त्यांतील एक नाशिकास बहिणीकडे असते. वडिलांचें एक चित्र मात्र कोणाच्याच फोनमध्यें मिळालें नाहीं. सकाळीं गॅलरींत आरामखुर्चीवर बसून ते वर्तमानपत्र वाचीत आणि नात त्यांच्या पायाशीं खेळे, तें. तें मला अजून स्पष्ट आठवतें. परंतु मुलगी तेव्हां दोन वर्षांची होती. तिला तें आठवत नाहीं, आणि दाखवावयास माझ्याजवळ कांहीं नाहीं. श्रोतेहो, आपणांवर ही वेळ येऊं नये, एवढ्यासाठींच हें सांगितलें.