सेकंदाला १११ उड्या

लढाईत रेडिओवरून सतत विचारला जाणारा प्रश्न एकच: तुम्ही कुठे आहात? लष्करी रेडिओची साठ वर्षांची वाटचाल या प्रश्नाभोवतीच फिरली आहे.

व्हिएतनाम युद्धात अमेरिकी पायदळातला रेडिओवाला पीआरसी-२५ हा सुमारे दहा किलोचा संच पाठीवर वागवत असे. एक बटण मेगाहर्ट्झचे, दुसरे किलोहर्ट्झचे, चॅनेल ९२०. पावसापासून जपायला हँडसेटला प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली. नकाशावरचे आकडे तो वाचून सांगे, पलीकडचा ते उतरवून घेई. घाईत एखादा अंक चुकला तर आपलेच तोफगोळे आपल्याच माणसांवर पडण्याची भीती. त्यात एकाच फ्रिक्वेन्सीवरचे बोलणे शत्रूलाही ऐकू येई.

त्यावर तोडगा म्हणून आला सिनगार्स हा रेडिओ संच. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तो अमेरिकी पलटणींच्या हाती पडू लागला. ३० ते ८८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या २,३२० चॅनेलांवर तो सेकंदाला १११ वेळा जागा बदलतो. ऐकणाऱ्यानेही त्याच क्षणी तीच उडी मारली पाहिजे. त्यासाठी प्रत्येक संचात उड्यांचा एकच क्रम आणि एकच वेळ भरतात. घड्याळ फार मागेपुढे झाले की उत्तम चालणारा संचही मुका होतो. म्हणून वेळ जीपीएस उपग्रहांकडून घेण्याची सोय झाली.

पुढे याच संचांतून आवाजासोबत डेटाची पाकिटेही जाऊ लागली. एफबीसीबी२ या प्रणालीत गाडी आपला ठावठिकाणा स्वतःच कळवते आणि इतरांच्या पडद्यावर निळे चिन्ह उमटते. २००३ साली इराकमध्ये तुकड्या इतक्या दूरवर पांगल्या, की जमिनीवरच्या रेडिओचा पल्ला अपुरा ठरला; तिथे उपग्रहाची जोड कामी आली.

सगळे काही एकाच संचात बसवण्याची हाव मात्र महागात पडली. १९९७मध्ये सुरू झालेल्या अमेरिकी लष्कराच्या जेटीआरएस या रेडिओ कार्यक्रमातला वाहनांसाठीचा रेडिओ २०११मध्ये रद्द करावा लागला.

तरीही ही वाटचाल मला मोलाची वाटते. ‘कुठे आहात’ याचे उत्तर यंत्राने दिले, की माणसाचा आवाज ‘आता काय करायचे’ यासाठी मोकळा होतो. निळे चिन्ह आपोआप उमटते. शत्रूचे लाल चिन्ह मात्र कुणीतरी पाहून, खात्री करून नोंदवावे लागते. जाळे कितीही वेगवान झाले तरी त्या नोंदीचा खरेपणा पुढे उभ्या असलेल्या सैनिकाच्या नजरेवरच अवलंबून राहतो, आणि त्याच्या प्रशिक्षणावर संचाइतकाच खर्च व्हायला हवा.